एकाच देहात दोन कर्करोग : पाप नव्हे, आजार

नेसरीसारख्या गावात एखाद्या वयस्क माणसाला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचे कळले, की घर आधीच खचते. त्यातच काही वर्षांनी दुसऱ्याच अवयवात कर्करोग निघाला, तर कुजबुज सुरू होते, ‘मागल्या जन्मीचं काहीतरी असणार.’ कोणी देवऋष्याकडे नेण्याचा सल्ला देतो. कोणी म्हणतो, ‘सगळीकडं पसरलाय, आता खर्च कशाला?’ अशा बोलण्याने बरा होऊ शकणारा माणूसही उपचाराविना राहतो. म्हणून यामागील शास्त्र घरातील प्रत्येकाने समजून घ्यावे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो आणि पसरलाच तर अनेकदा हाडांत जातो. परंतु पुढे दिसणारी प्रत्येक गाठ त्याचीच असते असे नाही. एकाच माणसाला दोन स्वतंत्र कर्करोग होऊ शकतात. १९३२ साली वॉरेन व गेट्स या अमेरिकेतील संशोधकांनी त्याची कसोटी घालून दिली : दोन्ही गाठी कर्करोगाच्याच असाव्यात, त्या वेगवेगळ्या असाव्यात आणि एक दुसरीचा पसारा नसावी.

अमेरिकेतील कॉलिन पॉवेल यांचे उदाहरण पाहा. जमैकातून आलेल्या कृष्णवर्णीय आईबापांचा हा मुलगा २००१ साली त्या देशाचा पहिला कृष्णवर्णीय परराष्ट्रमंत्री झाला. डिसेंबर २००३ मध्ये त्यांच्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पुढे त्यांना मायलोमा हा अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग झाला. या रोगाने प्रतिकारशक्ती क्षीण होते. २०२१ साली, लस घेतलेली असूनही, कोरोनाच्या आजारात वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. पहिल्या आजारानंतर ते जवळजवळ १८ वर्षे जगले, हेही ध्यानात घ्यावे.

आता विचार करा. प्रोस्टेटच्या रुग्णाची पाठ दुखू लागली, तर जुना रोग हाडात उतरला असेल किंवा नवा मायलोमाही असेल. दुखणे सारखेच, उपचार मात्र निराळे. पहिल्यात संप्रेरके रोखणारी औषधे कामी येतात, दुसऱ्यात ती उपयोगाची नाहीत. रक्त, लघवी व अस्थिमज्जा तपासल्यावरच निवाडा होतो. म्हणून डॉक्टरांना न बिचकता विचारावे, ‘हा जुनाच रोग पसरलाय, की नवा आहे?’

दुसरा कर्करोग होण्याची काही कारणे माहीत आहेत. वाढते वय हे पहिले. दुसरे तंबाखू. निपाणीच्या तंबाखूची आपल्या भागाला जुनी ओळख आहे. बिडी-सिगारेटने फुफ्फुसाचा व मूत्राशयाचा, तर तंबाखू चघळल्याने तोंडाचा कर्करोग होतो. ‘एक झालाय, आता सोडून काय उपयोग?’ असे म्हणू नये. सोडल्याने धोका घटतोच. तिसरे, प्रोस्टेटला दिलेल्या किरणोपचारानंतर बऱ्याच वर्षांनी मूत्राशय वा गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. लघवीतून वा शौचावाटे रक्त गेल्यास लपवू नये. चौथे, काही घराण्यांत बीआरसीए-२ या जनुकातील दोष उतरतो. त्यामुळे स्त्रियांना स्तनाचा, तर पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर मुलाने व भावाने तेही डॉक्टरांना सांगावे.

आपले पुरुष लघवीची तक्रार सांगायला लाजतात. रात्री वारंवार उठणे, धार बारीक होणे ही लक्षणे साध्या वाढीचीही असतात. पण ठरवायचे डॉक्टरांनी. अशा वेळी पत्नीने, मुलाने, सुनेने आग्रह धरावा.

नेसरीहून गडहिंग्लज, तेथून कोल्हापूर वा मुंबई असा रुग्णाचा प्रवास होतो आणि कागद वाटेत हरवतात. सर्व अहवाल एका पिशवीत ठेवावेत. पहिल्या गाठीच्या तपासणीच्या काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. नवी गाठ त्यांच्याशी ताडून पाहता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचार समाविष्ट आहेत. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

दुसरा कर्करोग ही शिक्षा नव्हे. तो दुसरा आजार आहे आणि त्याची दुसरी, स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी.