चिमणी उडाली, मॉल बसला!

रविवारी अकरापर्यंत लोळता ना? मग आधी एका माणसाला थँक्यू म्हणा. नारायण मेघाजी लोखंडे! १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली आणि आठवड्याला एक सुट्टी हवीच, म्हणून मालकांच्या मागे हात धुऊन लागले. सुट्टी कोणत्या वारी? तर रविवारी, कारण तो खंडोबाचा वार, असं त्यांनी ठणकावलं म्हणे. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. येळकोट येळकोट!

आता या लढून मिळालेल्या रविवारी जायचं कुठे? आमचा प्लॅन ऐका. दादरला उतरायचं आणि तिथून भायखळ्यापर्यंत अख्खं गिरणगाव पालथं घालायचं. हे एक भलंमोठं म्यूझियम आहे. फक्त त्याला छप्पर नाही, तिकीटखिडकी नाही आणि ‘हात लावू नये’ची पाटी तर नाहीच नाही.

कामधंदा बंद पडलेली जागा बघायला कोण जातं, असं वाटतंय? माहीत आहे का, वेल्समधली ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद पडली आणि तीनच वर्षांत म्यूझियम म्हणून उघडली! पर्यटकांना पिंजऱ्यातून ९० मीटर खाली नेतात. गाइड कोण? खाणीत घाम गाळलेली माणसं. मोबाइल आणि बॅटरीचं घड्याळ वरच ठेवायचं. सेल्फीवाल्यांनो, जड अंतःकरणाने नोंद घ्या. जर्मनीतल्या एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ मध्ये थंडावली आणि २००१ मध्ये थेट युनेस्कोच्या यादीत जाऊन बसली. लांब कशाला, आपल्या नागपूरजवळ सावनेरलाही पर्यटकांसाठी कोळसा खाणीची सहल सुरू झाली.

मुंबईत खाण नाही, मान्य. पण कोळसा? ढिगाने! गिरण्यांची वाफेची इंजिनं त्याच्यावरच धडधडायची. रे रोडच्या बाजूचं ‘कोल बंदर’ आजही नकाशावर सापडतं. मग १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज बनवली, ती तारांवरून मुंबईत आणली आणि गिरण्यांना पुरवली. सह्याद्रीतला पाऊस लालबाग-परळचे साचे, म्हणजे माग, फिरवू लागला. आहे की नाही झटका?

पहिली गिरणी कोणाची, माहीत आहे का? कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघालं. तेव्हापासून मुंबईचं आणि कापसाचं जे सूत जुळलं, ते सव्वाशे वर्षं तुटलं नाही.

आता दादरकरांसाठी क्विझ. शिवसेना भवनासमोरचा कोहिनूर स्क्वेअर कशावर उभा आहे? कोहिनूर मिल नंबर तीनवर! २००५ मध्ये ही जमीन ४२१ कोटींना विकली गेली. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर? श्रीनिवास मिल. वरळीचं पॅले रोयाल? श्रीराम मिल. आणि फिनिक्स मॉल? नावातच उत्तर आहे राव. तिथे फिनिक्स मिलची जुनी चिमणी अजून ताठ उभी आहे. मुंबईतून बाकीच्या बऱ्याच चिमण्या कधीच भुर्र उडाल्या, ही एक मॉलमध्ये घरटं करून राहिली. खरेदीला आलेले शंभरातले किती जण मान वर करून बघतात, देव जाणे. तिच्या शेजारच्या दुकानात सुती शर्टाची किंमत ऐकली तर जुना साचेवाला जागीच मटकन बसेल.

ब्रेक. एक वडापाव होऊन जाऊ दे! वडा आणि पाव यांचं लग्न लागलं ते दादर स्टेशनबाहेर, १९६६ मध्ये, अशोक वैद्य यांच्या गाडीवर, असं मानतात. एका हातात मावतो, चालता चालता संपतो आणि खिशाला भोक पाडत नाही. पाळी गाठायला पळणाऱ्या गिरणी कामगारासाठी याहून भारी फास्ट फूड कोणतं?

बरं, पोटभर जेवायचं तर? खानावळ! कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गडी चाळीतल्या बाईकडे महिन्याच्या हिशोबाने जेवायचे. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना थेट बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मायक्रोफायनान्स हा शब्द आपल्याकडे फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधी, पोळपाट-लाटण्याच्या तारणावर म्हणा हवं तर! प्रेमाताई मूळच्या गोवा मुक्तिसंग्रामातल्या. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली.

या गिरणीवाल्या मंडळींची राहायची जागा तर आणखी भन्नाट. खोली एक, पाळ्या तीन. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर आडवा. गावकऱ्यांच्या खोलीत प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी आणि खाली एक ट्रंक, बस. को-लिव्हिंगच्या नावाखाली आज स्टार्टअपवाले जे विकतात ना, त्याचं पेटंट खरं तर आमच्या गिरणगावाकडे हवं.

बीडीडी चाळी एकूण किती होत्या, माहीत आहे का? २०७! वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या म्हणून बीडीडी. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्याच्या टोकाला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. म्हणजे चाळ बघायची असेल तर पाय उचला, ती थांबणार नाही. आमचं मत विचाराल तर निदान एक चाळ गॅलरीसकट, सामायिक नळासकट जशीच्या तशी ठेवायला हवी.

चाळीवरून आठवलं. परळच्या बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत कोण राहत होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! तिथून ते दादरच्या हिंदू कॉलनीत, ‘राजगृहा’त आले. हे घर त्यांनी मुख्यतः बांधलं कोणासाठी? पुस्तकांसाठी! पन्नास हजारांहून जास्त पुस्तकं होती त्यांच्याकडे. राजगृहाचा तळमजला आज स्मारक म्हणून बघता येतो. आणि चैत्यभूमीला लागून त्यांचं भव्य स्मारक उभं राहतंय ती जागा? इंदू मिल, म्हणजेच इंडिया युनायटेड मिल नंबर सहा. पुतळा ३५० फुटांचा, त्याखाली चौथरा १०० फुटांचा. गिरणीची चिमणी त्याच्या खांद्यालाही पुरली नसती.

जरा गंभीर होऊ. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, असं म्हणतात. कागदोपत्री म्हणजे तो अजून चालूच! १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. तरी दक्षिण-मध्य मुंबईतून निवडून आले ते डॉ. सामंत. गिरण्यांचे भोंगे मात्र एकामागून एक गप्प झाले. ज्या परळमध्ये लोक भोंग्यावर घड्याळ लावायचे, तिथे आता मोबाइलचा अलार्म तीनदा स्नूझ होतो.

गिरणी आतून बघायची हौस जुनीच बरं का! दसऱ्याला मशिनं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा व्हायची आणि कामगार बायकापोरांना घेऊन जायचे. “हा माझा साचा,” असं पोराला दाखवायचे. गाइडेड टूर, तीही फुकट, वर पेढा.

माहीत आहे का, लालबागचा राजा गिरणगावातला सीनियर नाही? चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा मुंबईचा राजा १९२८ चा आणि लालबागचा राजा १९३४ चा. पेरू चाळीतला बाजार उठला, तेव्हा कोळी आणि दुकानदारांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली, गणपती बसला. सेलिब्रिटींच्या कितीतरी आधी मासळीची पाटी रांगेत होती!

परळ म्हणजे फक्त गिरण्या असं वाटत असेल तर धरा खुर्ची. १९३१ मध्ये इथे रस्त्याचं काम चालू होतं. कुदळ लागली ती सुमारे साडेतीन मीटर उंच शिवमूर्तीला! एकाच शिळेत मधे शिव, त्याच्यातून उगवणारे आणखी शिव, पायाशी वाद्यं वाजवणारे गण. वय? साधारण दीड हजार वर्षं. बारादेवीच्या मंदिरात ती आजही आहे. तिची प्रतिकृती फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघायला लोक तिकीट काढतात आणि ओरिजिनल परळच्या गल्लीत. मुंबईकर आहोत आपण, शेजारचं बघायला वेळ कुठे?

तिथून जवळच हाफकिन संस्था. ही इमारत म्हणजे चार जन्म घेतलेला प्राणी आहे. आधी पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ, मग इंग्रज गव्हर्नरचा बंगला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने गेल्या आणि साहेबाने मुक्काम मलबार हिलला हलवला. १८९९ मध्ये तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली, १९२५ मध्ये तिचं नाव हाफकिन झालं. आणि हे डॉ. वाल्डेमार हाफकिन कसे? प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई कोणाला टोचली? स्वतःला! आणि हो, कॉलऱ्याच्या लशीच्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं. इंजेक्शन बघून डोळे मिटणाऱ्यांनी इथून मुकाट्याने पुढे सरकावं.

सरकारी टेक्सटाइल म्यूझियमचं काय? काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या जागेत महापालिकेने ते करायला घेतलंय. काम बरीच वर्षं चाललंय. वेल्सवाल्यांनी तीन वर्षांत उरकलं होतं, हे आम्ही नुसतं सहज आठवलं म्हणून सांगितलं. चष्मा पुसत का होईना, सूत कसं काढायचं हे दाखवू शकणारे कामगार आजही डिलाइल रोडला भेटतात. त्यांना गाइड नेमायचं तर घाई करायला हवी.

तोवर भायखळा झिंदाबाद. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्यूझियम, राणीच्या बागेत १८७२ मध्ये उघडलं. आत जुन्या मुंबईचे मातीचे चिमुकले नमुने तासन्‌तास बघत बसावे असे. पण खरी गंमत बाहेर आहे. अंगणातला दगडी हत्ती माहीत आहे का? हाच तो, ज्याच्यामुळे पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटलं! १८६४ मध्ये साहेब त्याला उचलून इंग्लंडला न्यायला निघाले. क्रेन तुटली, हत्ती धाडकन पडला आणि तुकडे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून त्याला इथे उभा केला. जवळच घोड्यावर राजा एडवर्ड. फोर्टातल्या चौकाला नाव देणारा हा असली ‘काळा घोडा’ १९६५ पासून भायखळ्यातच आहे! म्हणजे एलिफंटाचा हत्ती एलिफंटाला नाही आणि काळा घोडा काळा घोड्याला नाही. दोघेही राणीच्या बागेत पेंग्विनचे शेजारी. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी म्यूझियम आणि बाग दोन्हींना टाळं असतं.