कावीता : ज्यांच्या घामाचा, त्यांचाच किनारा

कोस्टा रिका हा मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा! एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्र. या देशाने १९४८ साली आपले लष्करच मोडीत काढले. जंगल आणि समुद्र एकाच जागी पाहायला मिळतात म्हणून जगभरचे प्रवासी तिकडे जातात. त्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन बंदराच्या दक्षिणेला सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, कावीता नावाचे गाव आहे. आपल्यापैकी फार थोड्यांना तिथवर जाण्याचा योग येईल, हे खरे. पण या गावाची हकिकत घरी बसूनही ऐकण्यासारखी आहे.

गावाची शेवटची गल्ली संपली की लहानसा ओढा लागतो. तो ओलांडला की राष्ट्रीय उद्यान सुरू. डाव्या हाताला पांढरी वाळू आणि समुद्र, उजव्या हाताला दाट ओले रान, आणि मधून पायवाट. गाडी नाही, घोडा नाही, चालायचे. आठ-नऊ किलोमीटरची ही वाट भूशिराला वळसा घालून पलीकडच्या फाटकाला निघते.

चालताना मान वर ठेवावी. झाडाच्या शेंड्याला वाळल्या गवताचा गोळा अडकल्यासारखा दिसतो, तो स्लॉथ. एवढा संथ, की त्याच्या केसांत हिरवे शेवाळ उगवते. तो आठवड्यातून एकदाच, शौचाला, झाडाखाली उतरतो! बाकी जन्म फांदीवर उलटा लटकून. हाऊलर माकडे पहाटे अशी आरोळी ठोकतात, की नवख्याला वाघच आला वाटावे. पण ही माकडे पाला खाणारी, गरीब. खरी चोर ती पांढऱ्या तोंडाची माकडे आणि रॅकून. पिशवी वाळूत ठेवून पाण्यात उतरलात की भाकरतुकडा गेलाच म्हणून समजा. फांदीला हात लावताना मात्र नीट पाहावे. डोळ्यांवर पापणीसारखे खवले असलेला पिवळाधमक साप तिथे वेटोळे घालून बसलेला असतो. दिसायला फुलासारखा, पण जहाल विषारी. सोबत गावातला वाटाड्या असला तर तो पाच पावलांवर थांबवून दाखवतो. एकट्या माणसाला तो साप दिसतही नाही.

किनाऱ्यालगत पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. त्यांची जुनी शोभा आज राहिलेली नाही. २२ एप्रिल १९९१ रोजी लिमोन भागात मोठा भूकंप झाला. किनारा काही ठिकाणी एक मीटरहून अधिक वर उचलला गेला आणि पुष्कळ प्रवाळ उघडे पडून मेले. त्याच्याही आधीपासून जंगलतोडीमुळे आणि केळीच्या मळ्यांमुळे नद्यांतून गाळ येत होता, तो वेगळाच.

केळीचा विषय निघाला, तर मग ही माणसे इथे आली कशी, तेही सांगितले पाहिजे. १८७१ साली राजधानी सान होसेपासून लिमोनपर्यंत रेल्वेचे काम निघाले. दलदल, पाऊस, मलेरिया, पीतज्वर. हजारो मजूर मेले. १८७२ पासून जमैकाहून काळे मजूर बोटींनी येऊ लागले. १८९० मध्ये रेल्वे पुरी झाली. रुळाच्या कडेने केळी लागली आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट ही बलाढ्य कंपनी उभी राहिली. केळीचे घड ज्यांनी वाहिले त्यांना देश मात्र आपले म्हणेना. लिमोनची म्हातारी माणसे सांगत, की काळ्या माणसाने तुरियाल्बा गावाच्या वर, राजधानीच्या बाजूला जायचे नाही अशी रीत होती. लेखी कायदा नसला म्हणून काय झाले? रीत पुरेशी असते. पुढे केळीवर रोग पडला, कंपनी प्रशांत किनाऱ्याकडे निघाली, तेव्हा १९३४ साली लेखीही आले : तिकडच्या मळ्यांत काळ्या मजुरांना कामावर घ्यायचे नाही. या देशात जन्मलेल्या काळ्या लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली ती १९४९ मध्ये. त्याच समाजातल्या एप्सी कँपबेल बार २०१८ मध्ये देशाच्या उपराष्ट्राध्यक्षा झाल्या. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गेली.

कावीताची वस्ती या मजुरांच्याही आधीची. कासवे पकडणारे कोळी १८२८ च्या सुमारास इथे राहू लागले. त्यांनी नारळ लावले, कोको लावला. १९७० मध्ये सरकारने इथला प्रवाळ आणि किनारा संरक्षित ठरवला, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान केले. चांगलेच झाले. पण आजोबांनी लावलेल्या बागा हद्दीत गेल्या, त्याचे काय? त्याच सुमारास कोकोवर बुरशी पडली आणि गावाचे नगदी पीक संपले. उरला तो प्रवासी : त्याला खोली द्यायची, जेवण रांधून घालायचे, रान दाखवायचे.

आणि १९९४ साली सरकारने परदेशी प्रवाशाचे प्रवेशशुल्क एक-सव्वा डॉलरवरून एकदम पंधरा डॉलर केले. कावीताला येतो तो पाठीवर पिशवी घेतलेला हातचा राखून खर्च करणारा तरुण. तो आला नाही, तर गावात चूल पेटणार कशी? गावकऱ्यांनी सरळ गावाकडचे फाटक ताब्यात घेतले आणि प्रवाशांना आत सोडले. पेच चिघळला, बैठका झाल्या, आणि शेवटी सरकारला गावाला सोबत घेऊन उद्यानाचा कारभार करायचे मान्य करावे लागले. पुढे कित्येक वर्षे त्या फाटकावर तिकीटच नव्हते. वहीत नाव लिहायचे, पेटीत मनाला येईल ते टाकायचे. पलीकडच्या दुसऱ्या फाटकावर सरकारी दर चालूच राहिला.

आमच्या भगिनी विचारतील, तिथे खायला काय? भात आणि लाल घेवड्याचे दाणे नारळाच्या दुधात एकत्र शिजवतात, वर एक अख्खी तिखट मिरची, न फोडता. फुटली तर पातेले कोणी तोंडाला लावणार नाही! मासे आणि कंदमुळेही नारळाच्या दुधातच. जावे सप्टेंबर-ऑक्टोबरात, बाकी देशात तेव्हा पावसाची झोड असते, पण या किनाऱ्यावर समुद्र शांत. उत्तरेला तोर्तुगेरोच्या वाळूत हिरवी कासवे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अंडी घालायला येतात. तिथे रस्ता नाही, होडीने जायचे; रात्री परवानाधारक वाटाड्याबरोबरच, आणि फोटो काढायला बंदी.

संध्याकाळी कावीतात कॅलिप्सो गाणी ऐकू येतात. त्यांतली पुष्कळशी वॉल्टर फर्ग्युसन यांची. शेती करणारा हा माणूस घरी टेपरेकॉर्डरपुढे बसून गायचा आणि कॅसेट प्रवाशांना विकायचा. प्रत्येक कॅसेट नव्याने गाऊन भरलेली. स्वतःजवळ प्रत ठेवायची नाही. फर्ग्युसन २०२३ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी वारले. त्याआधीच त्यांच्या चाहत्यांनी जगभरच्या जुन्या प्रवाशांकडे चौकशी सुरू केली होती, आणि कुणाकुणाच्या कपाटातून त्या कॅसेटी एकेक करून निघू लागल्या.