बाराच व्होल्ट आहेत, काय होतंय?

चिखली-मेहकरकडे सोयाबीन निघालं की कुटार गोठ्यात भरतात आणि त्याच गोठ्यात ट्रान्सफॉर्मर बसवून १२ व्होल्टचे दिवे लावायचा बेत ठरतो. बेत चांगला आहे. जनावराचे चारही खूर ओल्यात असतात, माणसाला जाणवणार नाही एवढ्या व्होल्टेजनंही ते बिचकतं. पण ‘बाराच व्होल्ट’ म्हणून पुढची सगळी ढिलाई माफ होते.

एवढ्यात झटका सहसा बसत नाही, हे खरं. आग मात्र लागते. ६० वॉटचे दिवे २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर घेतात, १२ व्होल्टवर ५ अँपिअर. बेलची बारीक वायर वापरली तर ती तापणारच.

‘शॉर्ट झालं तर एमसीबी पडेल.’ हा समज सगळ्यात घातक. १२ व्होल्टच्या बाजूला २० अँपिअर वाहू लागले, तरी २३० च्या बाजूला एखादाच अँपिअर वाढतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. आरसीसीबीलाही नाही, कारण फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतो. इकडे कुटाराशेजारी वायर वितळत असते. म्हणून १२ व्होल्टच्या वायरला ट्रान्सफॉर्मरला लागूनच वेगळा फ्यूज हवा. २३० च्या बाजूलाही एक लहान.

‘ट्रान्सफॉर्मर घरात, दिवे गोठ्यात.’ अंतर २० मीटर, वायर १ चौरस मिलिमीटर तांब्याची, तर ५ अँपिअरला जाता-येता साडेतीन व्होल्ट वाटेतच खर्च. दिवे मिणमिणतात आणि शिव्या बल्बच्या कंपनीला. २३० ची वायर पाइपातून गोठ्यापर्यंत न्या, ट्रान्सफॉर्मर दिव्यांजवळ बसवा.

जुन्या स्टॅबिलायझरमधला काढून लावणार असाल, तर नको. तो बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. त्यात फेज थेट दिव्यापर्यंत पोचू शकते.

बसवायचा कुठं? शेगाव-मलकापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, टिनाखाली त्याहून वर. तेव्हा टिनाला चिकटून नको, लाकडी फळीवरही नको. विटांच्या भिंतीवर, जनावराचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर, हवा खेळेल अशा लोखंडी पेटीत. पेटीला आणि ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांना अर्थिंग. पेटीच्या जाळीवर बसलेली कुटाराची धूळ अधूनमधून झटका, अर्थात मेन बंद करून.

वायरच्या रंगावर विसंबू नका. जोडण्याआधी मल्टिमीटर लावा : जास्त ओहम दाखवते ती २३० ची बाजू. उलटं जोडलं तर ट्रान्सफॉर्मर लागलीच जळतो.