कितवा कोर्स?

पुण्याच्या वानवडी आणि साळुंके विहार या भागांत निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची वस्ती दाट आहे. आणि तेथे परस्परांस अपरिचित असलेले, परंतु दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले असे दोन वृद्ध गृहस्थ प्रथमच समोरासमोर आले, म्हणजे नाव, गाव, पलटण अथवा अखेरचा हुद्दा यांपैकी कशाचीही विचारपूस होण्यापूर्वी एकाच्या मुखातून ‘कितवा कोर्स?’ हा प्रश्न निघतो, आणि त्याच्या पाठोपाठ ‘स्क्वाड्रन कोणती?’ हा दुसरा. प्रबोधिनीत दर सहा महिन्यांनी नवी तुकडी रुजू होते, तिला अनुक्रमांक मिळतो, आणि सहा सत्रांची, म्हणजे तीन वर्षांची, तालीम संपवून ती तुकडी निघून गेली तरी तो अनुक्रमांक तिच्यातील प्रत्येकास जन्मभर चिकटून राहतो. हुद्दा वाढतो, पलटण सुटते, सेवाही एके दिवशी संपते. कोर्स मात्र बदलत नाही.

या व्यवस्थेचा पाया स्वातंत्र्याच्या पहाटेस घातला गेला. भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या भावी अधिकाऱ्यांनी कोवळ्या वयात एकाच छपराखाली राहावे, या हेतूने जानेवारी १९४९ मध्ये डेहराडून येथे जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली, आणि जानेवारी १९५५ मध्ये मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. पूर्व आफ्रिकेच्या रणांगणात धारातीर्थी पडलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून येथील मुख्य वास्तू उभी राहिली, म्हणून तिचे नाव सुदान ब्लॉक. संस्थापकांचा हेतू किती सफल झाला, याचा दाखला १९९१ साली मिळाला : जनरल रॉड्रिग्ज, ॲडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी हे तिन्ही दलांचे प्रमुख त्या वर्षी एकाच, म्हणजे पहिल्याच कोर्सचे सहाध्यायी होते. पुढे २०१९ साल सरतासरता, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेले जनरल मनोज नरवणे भूदलप्रमुख झाले, तेव्हा ॲडमिरल करमबीर सिंह आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे त्यांचे छप्पन्नाव्या कोर्समधील सोबती आधीच आपापल्या दलांच्या प्रमुखपदी विराजमान झालेले होते.

परंतु अशी उदाहरणे वृत्तपत्रांस प्रिय असली, तरी कोर्सच्या नात्याचे खरे स्वरूप त्यांवरून कळत नाही. बारावीची परीक्षा देऊन, सोळा-सतरा ते एकोणीस वर्षांच्या दरम्यान, घर प्रथमच सोडून आलेली ही मुले. त्यांतील मराठी मुले बहुधा साताऱ्याच्या सैनिकी शाळेची, म्हणजे १९६१ साली स्थापन झालेल्या देशातील पहिल्याच सैनिकी शाळेची, किंवा महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबादेस काढलेल्या सेवापूर्व शिक्षणसंस्थेची. पहाटेची कवायत, सायकलींचे ताफे करून वर्गांकडे धावणे, जेवणाच्या मेजावर पेंगणे, एकाच्या चुकीपायी साऱ्या तुकडीने भोगलेला रगडा, पाठीवर ओझे घेऊन तोरणा-राजगडाच्या परिसरात रात्रंदिवस केलेली चाल, या सर्वांतून दुसऱ्याचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका पुढे वीस वर्षांच्या शेजारानेही पडत नाही. कोण थकल्यावर चिडतो, कोण आपल्या बाटलीतील अखेरचे पाणी पुढे करतो, हे एकदा पाहिलेले मनुष्य विसरत नाही.

या नात्याची कसोटी मात्र खडकवासल्यास लागत नाही. ती चाळिशीच्या उंबरठ्यावर लागते, आणि तीही लष्कराच्या बढतीच्या जाबत्यामुळे. भूदलाचे उदाहरण घ्यावे. २००४ साली अमलात आलेल्या सुधारणांनुसार, आवश्यक अटी पूर्ण केल्या असता, दोन वर्षांच्या सेवेनंतर कॅप्टन, सहा वर्षांनंतर मेजर आणि तेरा वर्षांनंतर लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मुदतीने मिळतो. म्हणजे तेथवर सारा कोर्स जवळजवळ खांद्यास खांदा लावून चालतो. त्यापुढे कर्नलपदासाठी निवड मंडळ बसते. एका सालाच्या अधिकाऱ्यांचा एकत्र विचार होतो, जागा थोड्या असतात, आणि प्रथम विचार व त्यानंतर दोन पुनर्विचार अशा तीन संधींत ज्याचे नाव आले नाही, त्यास निवडीचा मार्ग बंद होतो. प्रदीर्घ सेवेनंतर मुदतीने कर्नलपद मिळते, परंतु पलटणीचे अधिपत्य मिळत नाही. पुढे ब्रिगेडियर आणि मेजर जनरल या पायऱ्यांवरही हेच घडते. निवृत्तीचे वयही हुद्द्यागणिक निराळे : कर्नलास ५४, ब्रिगेडियरास ५६, मेजर जनरलास ५८ आणि लेफ्टनंट जनरलास ६०. परिणामी पन्नाशी उलटलेल्या एकाच कोर्सातील एक जण डिव्हिजनचे नेतृत्व करीत असतो, दुसरा मुदतपूर्व निवृत्ती घेऊन एखाद्या कारखान्याची सुरक्षा सांभाळीत असतो, आणि तिसरा वडिलोपार्जित शेतीत रमलेला असतो.

ज्याचे नाव यादीत आले नाही, तो बहुधा कोणाशी भांडत नाही. तो केवळ येईनासा होतो. प्रथम तो स्नेहसंमेलनास ‘मुलीची परीक्षा आहे’ असे कळवितो, मग पत्रोत्तर थांबते, आणि पाच-सहा वर्षांनी त्याचा ठावठिकाणा कोणासच ठाऊक नसतो. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने मला सांगितले, की निवड हुकली त्या आठवड्यात त्याच्याकडे सांत्वनाचे दूरध्वनी पुष्कळ आले. परंतु जो सहाध्यायी स्वतः निवडला गेला होता आणि संकोचामुळे बोलला नाही, त्याचेच मौन त्याला अधिक लागले. हा संकोच मला समजतो, तरीही तो अनुचित वाटतो. अशा वेळी प्रथम बोलण्याचे कर्तव्य ज्याची बढती झाली त्याचेच आहे. न झालेल्याने बोलावे अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे होय. गणवेशात असताना कनिष्ठ हुद्द्याचा कोर्समेट वरिष्ठास सलाम करतो, आणि दार बंद होताच दोघेही एकमेकांस पहिल्या सत्रातील टोपणनावाने हाक मारतात, हा लष्करातील फार सुंदर शिरस्ता आहे. तो टिकविण्याचा भार अर्थातच वरच्यावर अधिक पडतो.

प्रत्येक कोर्सात एक तरी असा मनुष्य निपजतो, की जो कोणी नेमल्यावाचून सर्वांचे दफ्तर सांभाळतो. दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्यांमुळे पत्ते सारखे बदलतात. ते तो टिपून ठेवतो. निवृत्तीनंतर २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेत कोणाची नोंदणी राहिली, कोणाच्या मुलाचे लग्न ठरले, रौप्यमहोत्सवी संमेलनास खडकवासल्यास कोण येणार, हे सारे त्याच्यापाशी असते. दूरगावचा सहाध्यायी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात दाखल झाला, की त्याच्या पत्नीस स्थानकावरून कोणी आणावयाचे आणि डबा कोणाच्या घरून जावयाचा, याची वाटणी त्याच्याच दूरध्वनीने होते. आता या दफ्तरांत नव्या प्रकारची नावे येत आहेत : ३० मे २०२५ रोजी १४८व्या कोर्सबरोबर १७ मुली प्रबोधिनीतून प्रथमच उत्तीर्ण झाल्या. त्या चाळिशीस पोचतील तेव्हा, स्वतःच्या आणि पतीच्या अशा दोन-दोन तैनाती सांभाळताना त्यांचा कोर्सशी संबंध कसा टिकतो, याची मला मनःपूर्वक उत्सुकता आहे.

संमेलनाचा प्रारंभ प्रबोधिनीतील हट ऑफ रिमेंबरन्स या स्मृतिवास्तूत पुष्पचक्र वाहून होतो. अडतिसाव्या कोर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत पडले. ज्या मैदानावर आज संचलन होते, त्यास त्यांचे नाव आहे. नव्वदाव्या कोर्सचे कॅप्टन मनोजकुमार पांडे ३ जुलै १९९९ रोजी कारगिलच्या खालुबार येथे वीरगतीस गेले, तेव्हा ते २४ वर्षांचे होते. त्यांचे सहाध्यायी आज पन्नाशीत आहेत. हुतात्म्याच्या मातापित्यांस त्याच्या स्मृतिदिनी दूरध्वनी करणे, वीरनारीच्या निवृत्तिवेतनाचे कागद मार्गी लावणे आणि तिच्या मुलांच्या शिक्षणाकडे पाहणे ही कामे कोर्समेट आपली मानतात. त्यांत वर्षे लोटल्याने खंड पडू नये, म्हणूनही वर सांगितलेले दफ्तर आवश्यक ठरते.

तरीही बहुतेक दफ्तरांत एक उणीव राहते, कारण ती उत्तीर्णांच्या यादीवरून सिद्ध होतात. सत्रात अनुत्तीर्ण होऊन सहा महिने मागे पडलेल्या कॅडेटास दोन कोर्स लाभतात, आणि दोन्हीकडे त्याचे स्वागत होते, असा अनुभव आहे. परंतु तालमीतच जबर दुखापत होऊन, कोणी कमरेखाली लुळा पडून, वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने घरी पाठविला गेला, त्याचे काय? तो अधिकारी झालेला नसल्यामुळे त्यास माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, आणि त्याबरोबर येणाऱ्या सवलतीही मिळत नाहीत. या कॅडेटांच्या दुःस्थितीची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आरोग्य योजनेचे दार त्यांच्यासाठी उघडण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालयाने केला. माझ्या मते कोर्सची यादी प्रवेशाच्या दिवसापासून धरावी. वीस-तीस वर्षांपूर्वी खाटेवरून घरी गेलेल्या मुलाच्या गावी लष्करी वर्तुळातील बातमी सहसा पोचत नाही. या योजनेसाठी अर्ज कोठे करावा आणि त्यासोबत कोणते कागद जोडावेत, हे त्यास सांगणारा दूरध्वनी बहुधा त्याच्या कोर्समेटकडूनच जाईल.