न पचणाऱ्या साखरेचा कंद

जुलै १६०५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी साम्युएल द शाम्प्लें आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मळ्यांत मका, घेवडा, भोपळा, तंबाखू होताच. शिवाय एक कंदही लावलेला होता. त्याची चव आर्टिचोक या भाजीसारखी लागते, अशी नोंद त्याने केली. युरोपची गलबतं येण्याआधीच हे पीक तिथे रुळलेलं होतं. आज बाजारात त्याला सनचोक म्हणतात. शास्त्रीय नाव हेलिअँथस ट्यूबरोसस. लातूर-सोलापूरकडे पेरतात त्या सूर्यफुलाचं हे भावंड. सूर्यफुलात ३४ गुणसूत्रं, याच्यात १०२. रशियन पैदासकारांनी याच्याशी संकर करून सूर्यफुलात रोगप्रतिकारशक्ती आणली.

पुढच्या चारशे वर्षांत या कंदाच्या वाट्याला कौतुक आलं, तिरस्कार आला आणि त्याच्या नावावर फसवणूकही झाली. या साऱ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तो साखर कोणत्या रूपात साठवतो.

बटाटा पिष्ट साठवतो, सनचोक इन्युलिन. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोजच्या रेणूंची साखळी. जर्मन औषधशास्त्रज्ञ व्हॅलेंटिन रोझ यांनी १८०४ मध्ये ते दुसऱ्याच एका वनस्पतीच्या मुळातून वेगळं केलं. ही साखळी तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्यामुळे इन्युलिन जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि पोटात वारा धरतो. इंग्लंडमधल्या जॉन गुडयर या वनस्पतितज्ज्ञाला १६१७ मध्ये दोन लहान कंद मिळाले. एक त्याने मित्राला दिला, दुसरा लावला आणि त्यापासून टोपलीभर उत्पन्न घेतलं. पण काही वर्षांनी लिहिताना त्याने स्पष्ट सांगून टाकलं, की याने पोट फुगतं. हे माणसापेक्षा डुकरालाच बरं.

झाडाला मात्र ही साखर फार उपयोगी पडते. उन्हाळाभर पानांनी केलेली साखर आधी खोडात साठते आणि दिवस लहान होऊ लागले की कंदात उतरते. थंडी पडली की लांब साखळ्या तुटून आखूड होतात, गोडी वाढते आणि कंद गोठलेल्या जमिनीतही जिवंत राहतो. म्हणून थंड मुलखातले जाणकार शेतकरी दव गोठवणारी पहिली कडक थंडी पडून पाला वाळल्यावरच काढणी करतात.

लागवड सोपी आहे. एकदोन डोळे असलेला तुकडा बेणं म्हणून वसंताच्या सुरुवातीला साधारण दहा सेंटिमीटर खोल लावायचा, दोन झाडांत हात-दीड हात अंतर ठेवायचं आणि वाढ झाल्यावर मातीची भर द्यायची. झाड दोन-तीन मीटर उंच जातं, शेंड्याला पिवळी फुलं येतात. कंद आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा असतो. त्याच्या खाचांतली माती धुता धुता जीव मेटाकुटीला येतो. साल इतकी पातळ, की उघड्यावर ठेवला तर काही दिवसांतच सुरकुततो. त्यामुळे लागेल तसा जमिनीतून काढणं उत्तम. जमिनीत राहिलेला बारीकसा तुकडाही पुढच्या वर्षी फुटतो. युरोपात नद्यांच्या काठी तो तण होऊन पसरला आहे, तो याच चिवटपणामुळे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्समधला बटाटा ओढून नेला. शिधापत्रिकेशिवाय मिळत होता तो हा कंद आणि सलगमसारखा रुटाबागा. लोकांनी तो वर्षानुवर्षं खाल्ला आणि युद्ध संपल्यावर त्या पिढीतल्या अनेकांनी ताटात पुन्हा येऊ दिला नाही. जर्मनीच्या बाडेन भागात मात्र त्याची दारू गाळायची परंपरा टिकली.

अमेरिकेतली कहाणी जास्त झोंबणारी आहे. १९८१ मध्ये मिनेसोटातल्या मार्शल गावी एक कंपनी उभी राहिली. या कंदापासून इंधनाचं अल्कोहोल होईल, असं सांगून ती शेतकऱ्यांना चढ्या भावाने बेणं विकू लागली. पीक जोमदार आलं. पण ते घेणारा कारखाना कुठेच नव्हता. गिऱ्हाईक एकच, पुढच्या वर्षी बेणं घेणारा नवा शेतकरी. साध्या यीस्टला इन्युलिन नीट आंबवता येत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते, हा मुद्दा प्रचारात मागेच राहिला. १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. इतिहासकार जोसेफ अमाटो यांनी या प्रकरणावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. सफेद मुसळी आणि ईमूपालनाच्या वेळी आपल्याकडच्या कित्येक शेतकऱ्यांनी अशीच झळ सोसली.

आज तेच इन्युलिन गुण म्हणून विकलं जातं. ते रक्तातली साखर झपाट्याने वाढवत नाही आणि आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंना खाद्य पुरवतं. पण खाद्यउद्योग ते मुख्यतः चिकोरीच्या मुळापासून काढतो. सनचोकचं स्थान स्वयंपाकघरातच आहे. लिंबाचा रस घालून बराच वेळ उकळला किंवा आंबवून लोणचं केलं, तर साखळ्या बऱ्याचशा तुटतात आणि पोटाचा त्रास कमी होतो. नवख्याने सुरुवातीला चार फोडीच खाव्यात.

हा कंद गुणी आहे, यात मला शंका नाही. पण पीक येतं एवढ्यावर शेती चालत नाही. 'सुपरफूड' म्हणून कोणी त्याचं बेणं विकायला दारात आलं, तर शेतकऱ्याने आधी एवढंच विचारावं: कंद कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि ते लेखी देणार का? उत्तर मिळेपर्यंत परसातला एक वाफा पुरे.