सोलापूरचा कॅमशाफ्ट आणि फॉर्म्युला वनचं इंजिन

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वर आठवतात. यात कॅमशाफ्टही हवाच! १९९२ साली स्थापन झालेली आपली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स फोर्ड, ह्युंदाई, मारुतीसारख्या कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत आली आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की हे उंचवटे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडतात. बंद करायचं काम स्प्रिंगचं. उंचवट्यावर सतत घर्षण होतं, म्हणून ओतकामाच्या साच्यात त्या जागी धातूचे तुकडे बसवतात. तिथलं लोखंड झटकन थंड होऊन कडक बनतं, आतला गाभा मात्र तितका ठिसूळ होत नाही.

आता रेसकडे या. फॉर्म्युला वनच्या १.६ लिटर व्ही-६ इंजिनात चार कॅमशाफ्ट आणि २४ व्हॉल्व्ह. २०१४ च्या नियमांनी इंजिनाला मर्यादा घातली मिनिटाला १५,००० फेऱ्यांची. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला १२५ वेळा उघडणार! एवढ्या वेगात पोलादी स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही. यावर रेनॉने १९८६ मध्ये तोड काढली: स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू. माझ्या मते टर्बोइतकाच हा शोध मोठा, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनो, कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा भरते. कॉलेजात टीम नसेल तर तुम्हीच उभी करा.