गोदाम वाचलं आणि मैदान घडलं!

शहराची फुटबॉल टीम एका रात्रीत परागंदा झाली. बेसबॉलची टीमही जाणार, या धास्तीने बाल्टिमोरने नवं मैदान बांधलं. रेल्वेच्या एका जुनाट गोदामाला धरून उभ्या राहिलेल्या या मैदानाने अमेरिकेतल्या मैदानांचा चेहराच बदलून टाकला. शहराचं नशीब मात्र...

२८ मार्च १९८४ची रात्र. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बाल्टिमोर शहरात बर्फ भुरभुरत होतं. शहर झोपेत असताना घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीचे पंधराएक ट्रक उपनगरातल्या एका आवारात शिरले. टेबलं, फायली, हेल्मेटं, व्यायामाची साधनं, जे हाती लागेल ते भराभर ट्रकमध्ये चढलं. उजाडेपर्यंत ‘बाल्टिमोर कोल्ट्स’ ही शहराची लाडकी फुटबॉल टीम इंडियानापोलिसच्या वाटेला लागली होती. सकाळी लोक उठले, तेव्हा टीम गेलेली होती!

आपल्याकडे मुंबईची रणजी टीम उद्या गाशा गुंडाळून इंदूरला जाईल, असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. अमेरिकेत टीम ही बहुतेक वेळा मालकाची खासगी मालमत्ता असते. दुसऱ्या शहराने चांगलं मैदान देऊ केलं, की मालक बिऱ्हाड हलवायला मोकळा! कोल्ट्सना शहराने ताब्यात घ्यावं, असा कायदा करण्याची तयारी मेरीलँड राज्याच्या विधिमंडळात चालू होती. त्याची कुणकुण लागताच मालकाने रातोरात मुक्काम हलवला.

त्यानंतर बाल्टिमोरकडे मोठी अशी एकच टीम उरली. बेसबॉलची ‘ओरिओल्स’. तिचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे नामवंत वकील. वॉशिंग्टन तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवर आणि त्या शहराला बेसबॉल टीम नव्हती. जुन्या मेमोरियल स्टेडियमसाठी दीर्घ मुदतीचा करार करायला विल्यम्स तयार नव्हते. शहराच्या छातीत धस्स झालं, यात नवल ते काय?

लॉटरीच्या तिकिटांतून मैदान

विल्यम डोनाल्ड शेफर हे तेव्हा शहराचे महापौर. कोल्ट्स त्यांच्याच कारकिर्दीत गेले होते. १९८७मध्ये ते मेरीलँडचे गव्हर्नर झाले आणि नव्या मैदानासाठी त्यांनी कंबर कसली. पैसा उभा करायला राज्याने खास झटपट लॉटरीची तिकिटं काढली. सगळ्यांना हे पटलं होतं असं मात्र नाही. श्रीमंत मालकाच्या टीमसाठी सरकारी तिजोरी का उघडायची, असा सवाल करत एका नागरिक गटाने जनमत घेण्याची मागणी केली. प्रकरण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलं. १९८७मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि मैदानाचा मार्ग मोकळा झाला.

१९८८च्या मोसमात ओरिओल्सनी एक विलक्षण विक्रम केला. हरण्याचा! मोसमाच्या सुरुवातीचे सलग २१ सामने त्यांनी गमावले. अशी टीम २ मे रोजी घरच्या मैदानावर परतली, तेव्हा तिला बघायला किती लोक यावेत? ५० हजारांच्या वर! रिकाम्या हाताने आलेल्या पोराला आईने ओवाळावं, तसं शहराने टीमचं स्वागत केलं. त्याच संध्याकाळी नव्या मैदानाचा दीर्घ करार झाल्याची घोषणा झाली. टीम बाल्टिमोरमध्येच राहणार होती. विल्यम्स यांना कॅन्सरने ग्रासलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. नवं मैदान बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

‘स्टेडियम’ म्हणाल तर दंड!

मैदान कसं असावं, यावरून खरी झकाझकी पुढे झाली. १९६० आणि ७०च्या दशकांत अमेरिकेत एका साच्यातली मैदानं निघाली होती. काँक्रीटची प्रचंड गोल वाटी, आत गालिच्यासारखं कृत्रिम गवत, भोवती मोटारी लावायला अफाट पटांगण. बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही एकाच ठिकाणी. पिट्सबर्ग काय, सिनसिनाटी काय, फिलाडेल्फिया काय, आत बसलं की आपण कुठल्या गावात आहोत ते कळू नये!

ओरिओल्सचे अध्यक्ष लॅरी लुकिनो यांना हा साचा मुळीच मान्य नव्हता. त्यांना हवा होता जुन्या वळणाचा, केवळ बेसबॉलसाठीचा ‘बॉलपार्क’. बैठकीत कुणी चुकून ‘स्टेडियम’ म्हटलं की ते पाच डॉलर दंड घेत, असं सांगतात. त्यांच्या जोडीला होत्या जॅनेट मेरी स्मिथ. वास्तुकला आणि नगररचना या दोन्ही विषयांत तयार झालेल्या स्मिथबाईंनी एचओके स्पोर्ट या कन्सास सिटीच्या कंपनीच्या आराखड्यांवर बारीक नजर ठेवली. काँक्रीटच्या जागी उघडं दिसणारं पोलाद, बाहेरून विटांच्या कमानी, आत हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या आणि खरंखुरं गवत, असा मैदानाचा नूर ठरत गेला.

जागा होती कॅम्डन यार्ड्स, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं जुनं यार्ड. शहराच्या ऐन मध्यात, बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे उभं होतं रेल्वेचं गोदाम. १८९९ ते १९०५ या काळात बांधलेलं, आठ मजल्यांचं, लाल विटांचं. रुंदी जेमतेम ५१ फूट आणि लांबी १,०१६ फूट! जणू एखादी मालगाडीच विटांची होऊन थबकली आहे. मालाची वाहतूक ट्रकवर गेली आणि गोदाम ओस पडलं. ते पाडून टाकावं, म्हणजे मैदानातून बंदराचा देखावा दिसेल, असं काहींचं म्हणणं. पण अखेर गोदाम राहिलं. नुसतं राहिलं नाही, तर मैदानाची उजवी बाजू त्याच्याच आधाराने बेतली गेली. टीमची कार्यालयंही त्यातच थाटली. खेळण्याची जागा रस्त्यापेक्षा १६ फूट खाली घेतल्यामुळे नवं बांधकाम आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या उरावर बसलं नाही.

क्रिकेटप्रमाणेच बेसबॉलमध्येही सीमेचं अंतर सर्व मैदानांवर सारखं नसतं. इथे फलंदाजापासून उजवीकडचं कुंपण ३१८ फुटांवर आणि सुरुवातीला २५ फूट उंच होतं. डावीकडचं ३३३ फुटांवर. ही असमानता कुणाच्या लहरीतून आली नाही. मैदानाला शहरातल्या रस्त्यांमध्ये आणि गोदामाच्या कुशीत बसवायचं होतं. जागेने दिला तो आकार मैदानाने घेतला.

नावावरूनही वाद झाला. टीमच्या मालकाला हवं होतं ‘ओरिओल पार्क’, गव्हर्नर शेफर यांना ‘कॅम्डन यार्ड्स’. मग दोन्ही जोडून ‘ओरिओल पार्क ॲट कॅम्डन यार्ड्स’ असं लांबलचक नाव पडलं. ६ एप्रिल १९९२ रोजी इथे पहिला सामना झाला. ओरिओल्सनी क्लीव्हलँडला २-० असं हरवलं. मेमोरियल स्टेडियममधली होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो ती पांढरी पाटी, आदल्या मोसमाच्या अखेरीस उपटून इथे आणली होती. घर बदलताना देव्हारा आधी हलवावा, तसंच!

गुत्ता, पितळी खुणा, केशरी खुर्च्या

हे मैदान फिरून बघावं असं आहे. गोदाम आणि मैदान यांच्यामधला युटॉ स्ट्रीट हा रस्ता सामन्याच्या दिवशी जत्रेसारखा फुलतो. ओरिओल्सचे एके काळचे धिप्पाड खेळाडू बूग पॉवेल यांच्या नावाचा, भाजलेल्या मांसाचा स्टॉल सुरुवातीपासून इथे आहे. खाली बघत चालावं, तर फरसबंदीत चेंडूच्या आकाराच्या धातूच्या छोट्या चकत्या दिसतात. बेसबॉलमधला षटकार म्हणजे होम रन. तो कुंपणावरून थेट या रस्त्यावर पडला, की तिथे फलंदाजाच्या नावाची चकती बसते. अशा चकत्या शंभरावर गेल्या आहेत. गोदामाच्या भिंतीवर थेट चेंडू आदळण्याचा पराक्रम मात्र अधिकृत सामन्यात कुणालाच साधलेला नाही. १९९३मध्ये केन ग्रिफी ज्युनियरने तो केला, पण होम रनच्या प्रदर्शनी स्पर्धेत.

बेसबॉलचा सार्वकालिक सम्राट बेब रूथ याचा जन्म इथून हाकेच्या अंतरावर १८९५ साली झाला. त्याच्या वडिलांचा दारूचा गुत्ता ज्या जागेवर होता, ती आता मैदानातच आली आहे. प्रवेशद्वाराजवळ १९९५पासून रूथचा पुतळा आहे. त्यात एक गंमत झाली. रूथ डावखुरा, पण पुतळ्याच्या हातातला मोजा उजव्या हाताने खेळणाऱ्याचा!

हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात दोनच खुर्च्या केशरी ठेवल्या होत्या. एक, एडी मरेचा ५००वा होम रन १९९६मध्ये जिथे पडला तिथली. दुसरी कॅल रिपकेनच्या १९९३मधल्या विक्रमी होम रनची.

रिपकेन हा मेरीलँडचाच पोरगा. ६ सप्टेंबर १९९५च्या रात्री त्याने सलग २,१३१वा सामना खेळून लू गेरिगचा ५६ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे अख्खी वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती आणि लोक खेळावरच रुसले होते. सामना पाचव्या डावाच्या मध्यावर अधिकृत झाला आणि गोदामावर टांगलेला आकडा बदलला, २,१३०चा २,१३१! लोक २२ मिनिटं उभ्याने टाळ्या वाजवत होते. सहकाऱ्यांनी रिपकेनला ढकलून बाहेर काढलं. मग त्याने कुंपणालगत चालत प्रेक्षकांशी हात मिळवत साऱ्या मैदानाला प्रदक्षिणाच घातली.

शहराला काय मिळालं?

कॅम्डन यार्ड्सचा धडा इतरांनी झटपट गिरवला. १९९४मध्ये क्लीव्हलँड आणि टेक्सासमधलं आर्लिंग्टन, १९९५मध्ये डेन्व्हर... विटा, पोलाद आणि शहराच्या अंगाने वळलेली मैदानं गावोगाव झाली. पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फियाच्या त्या काँक्रीटच्या वाट्या २००१ ते २००४ या काळात सुरुंग लावून पाडण्यात आल्या.

आणि बाल्टिमोर? अर्थतज्ज्ञ रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी १९९७मध्ये दाखवून दिलं, की सुमारे २० कोटी डॉलरच्या या मैदानातून नव्या नोकऱ्या आणि वाढीव कर यांच्या रूपाने होणारा फायदा वर्षाला फक्त ३० लाख डॉलरच्या घरात आहे. १९५०मध्ये साडेनऊ लाखांची वस्ती असलेलं हे शहर २०२०मध्ये पाच लाख ८६ हजारांवर आलं. कारखाने गेले, कामगार गेले. मैदान त्यांना परत आणू शकलं नाही. टीम जाण्याचं दुःख सोसलेल्या या शहराने पुढे दुसऱ्यालाही तेच दुःख दिलं. १९९६मध्ये क्लीव्हलँडची फुटबॉल टीम बाल्टिमोरला आली आणि कॅम्डन यार्ड्सच्या शेजारी तिच्यासाठी १९९८मध्ये दुसरं मैदान झालं. तेही सार्वजनिक पैशातूनच!

एप्रिल २०१५मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी झालेला एक २५ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण दगावला आणि शहर पेटलं. संचारबंदी लागली. २९ एप्रिलला ओरिओल्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांचा सामना बंद दाराआड झाला. प्रेक्षकांची नोंद शून्य! अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. पहिल्याच डावात ओरिओल्सचा होम रन रिकाम्या खुर्च्यांत पडला. चेंडू धरायला कुणी नव्हतं. फाटकाच्या गजांबाहेर मात्र थोडेसे लोक जमले होते. जेवढं दिसेल तेवढं बघत ते ओरडत होते. ओरिओल्स ८-२ने जिंकले.

करार संपत आला तशी टीम जाण्याची जुनी धास्ती पुन्हा डोकावली. २०२२मध्ये राज्याने दोन्ही मैदानांसाठी मिळून १२० कोटी डॉलरपर्यंत कर्ज उभारायला मंजुरी दिली. डिसेंबर २०२३मध्ये ३० वर्षांचा नवा करार झाला. १५ वर्षांनंतर काही अटींवर बाहेर पडण्याची वाट मात्र टीमने राखून ठेवली आहे. म्हणजे ‘टीम गेली तर?’ या प्रश्नाची किंमत बाल्टिमोर अजूनही मोजत आहे.

लॉटरीची तिकिटं घेणाऱ्यांना या मैदानाने श्रीमंत केलं नाही. पण सामन्याच्या संध्याकाळी युटॉ स्ट्रीटवर पोरं वाकून चकत्यांवरची नावं वाचत असतात. कुठला षटकार आपण स्वतः पाहिला, ते आजोबा सांगत असतात. मागे ते लांबच लांब गोदाम उभं असतं. १९९२च्या आधी तिथून कुणी जातही नव्हतं.